शेषरावभाऊंच्या दुकानात चाकाला मनाई

शेषरावभाऊ माणसाला पायांवरून ओळखायचे. तोंडाकडे त्यांचं लक्ष नंतर जायचं आणि पुष्कळदा जायचंच नाही. एकदा जालन्याच्या एसटी स्टँडवर मी बाकड्यावर मांडी घालून बसले होते. भाऊ समोर आले, माझ्याकडे टकमक बघितलं आणि अगदी परक्या माणसासारखं विचारलं, "बाई, जाफराबादची गाडी लागली का?" मी वैतागून पाय खाली सोडले. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अरे, ताई तुम्ही का! मंग आधी बोलायचं ना!" आता माझं फॉल-पिकोचं दुकान त्यांच्या कापडदुकानाला लागून. मध्ये एकच भिंत. वर्षानुवर्षं सकाळी आम्ही शटर बरोबरीनं वर करतो. तरी ही तऱ्हा!

दोष त्यांचा नाही, धंद्याचा आहे. त्यांचं जुनं दुकान गादीचं होतं. पांढरीशुभ्र गादी, तिच्यावर भाऊ बसलेले, आणि गिऱ्हाईक उंबऱ्याबाहेर चपला काढून आत येणार. खाली बसलेल्या माणसाला पहिल्यांदा पायच दिसणार. टाचांना काळ्या मातीच्या भेगा दिसल्या की भाऊ काठपदर काढायला सांगायचे. नखांना पॉलिश दिसलं की मला भिंतीतून ओरडून सांगायचे, "ताई, आली बघा! समदं दुकान उपसनार अन् नुसता रुमाल घेऊन जानार!" आणि तसंच व्हायचं.

पुढे भाऊंनी गादी मोडून शोरूम केलं. काचेचं दार, उभ्यानं बघायचे काउंटर आणि खाली आरशासारखी गुळगुळीत फरशी. त्या काळी गावात मिस्ड कॉल देऊन बोलावण्याची पद्धत नवीन होती आणि अशी फरशी त्याहून नवीन. पण चपला बाहेर काढायचा नियम तसाच राहिला. एमआयडीसीतला एखादा कामगार टॉवेल घ्यायला यायचा आणि पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडत बसायचा. टॉवेल घेऊन झाल्यावर पुन्हा तितकाच वेळ बांधत बसायचा. मी म्हटलं, "भाऊ, आता गादी नाही, मग चपला कशाला बाहेर?" तर म्हणाले, "बराबर हाय तुमचं. पन बिलकुल न्हाई!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आधी समोरच्याचं म्हणणं पूर्ण मान्य करायचे आणि मग ते पूर्ण उडवून लावायचे. भांडायला आलेला माणूस अर्धा खूश होऊन परत जायचा.

अशा या दुकानात एके दिवशी सानिका शिरली. सानिका म्हणजे आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या दाताच्या डॉक्टरांची मुलगी, वय नऊ, अंगात वारं. तिच्या मामानं पुण्याहून तिला चाकाचे बूट आणले होते. दिसायला साधे बूट, पण टाचेखाली चाक. चार पावलं पळायचं, पंजे उचलायचे, टाचेवर भार टाकायचा आणि सर्रर्र!

दार कुणीतरी उघडं धरलं होतं. सानिका साड्यांच्या काउंटरपासून शर्टपीसच्या काउंटरपर्यंत तशीच सर्रर्र गेली. भाऊ सवयीप्रमाणे पायांकडे बघत होते. पाय हलत नव्हते आणि पोरगी चालली होती! भाऊ पांढरेफटक पडून माझ्या दुकानात आले. "ताई, भुताचे पाय उलटे असत्यात आसं ऐकल्तं. पन हालतच न्हाईत, हे न्हाई कधी ऐकलं!"

तेवढ्यात आत धडाम आवाज झाला. ब्रेक म्हणून सानिकानं शालू नेसवलेल्या पुतळीला मिठी मारली होती. पुतळी किसनच्या अंगावर पडली होती आणि किसन, म्हणजे भाऊंचा जुना सेल्समन, तिला सवयीनं "या ताई, बसा ताई" म्हणत होता.

"बूट काढ आधी!" भाऊ गरजले.

"आजोबा, हे बूट नाहीत. ही माझी गाडी आहे."

भाऊ थबकले. कायद्याचा मुद्दा होता. क्षणभर विचार करून म्हणाले, "बराबर हाय. मंग गाडी बाहेर लाव."

मी अर्थातच पोरीच्या बाजूनं. मला भाऊंशी वाद घातल्याशिवाय दुपारचा चहा पचत नसे. मी म्हटलं, "तुमचे कापडाचे गठ्ठे ढकलगाडीवरूनच आत येतात की! त्या चाकांना तुम्ही काही म्हणत नाही."

"बराबर हाय. पन गठ्ठा काय खिदळत येतो का?"

चहा संपला म्हणून मी उठले, हरले म्हणून नव्हे.

बघता बघता गल्लीत आणखी पोरांकडे तसले बूट आले आणि बाजारात दोन पक्ष पडले. एक म्हणे, पोरांनी दुकानात नाही खेळायचं तर कुठे, रस्त्यावर तर नुसते खड्डे. दुसरा म्हणे, गिऱ्हाईक आडवं झालं तर भरून कोण देणार? सानिकाचे वडील तेवढे निवांत होते. "पडली तर दात घरच्या घरी बसवीन," म्हणायचे.

शेवटी भाऊंनी पाटी लावली. लाल अक्षरांत 'चाकाला मनाई आहे'. पेंटरनं चाकाचे बूट जन्मात पाहिले नव्हते, म्हणून त्यानं खाली बैलगाडीचं चाक काढलं आणि त्यावर फुली मारली. आष्टीहून आलेले एक पागोटंवाले पाहुणे पाटीसमोर बराच वेळ उभे राहिले. मग दुखावल्या आवाजात म्हणाले, "मालक, आमी खेड्यातले हाव, कबूल. पन दुकानात बैलगाडी घालू का आमी?"

हसून हसून माझ्या सुईतला दोरा निसटला. पण या पाटीचं पुढे जे झालं ते हसण्यासारखं नव्हतं.

भाऊंच्या पत्नी कौसल्यावहिनी. जुन्या दुकानात साड्यांची बाजू त्यांच्याकडे होती. लग्नाचा बस्ता बांधायला लांबलांबून वऱ्हाडं यायची ती वहिनींसाठी. मानपानाची कुठली साडी कुठल्या नणंदेला द्यायची म्हणजे रुसवा होणार नाही, हे त्या नणंदेला न बघता सांगायच्या. शोरूमचं काम चालू असतानाच त्यांना लकवा झाला. डावी बाजू गेली. बोलणं हळूहळू परत आलं, पण पाय आले नाहीत. तेव्हापासून त्या चाकाच्या खुर्चीत, घरात. घर मागच्याच गल्लीत, पण नवीन दुकान त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं.

भाऊंनी दारासमोरचा काउंटर त्यांच्यासाठी मोकळा ठेवला होता. तिथे किसनलाही उभं राहू देत नसत. रोज दुपारी जेवायला घरी जायचे आणि विचारायचे, "येती का आज?" रोज एकटेच परत यायचे. एक दिवस मला म्हणाले, "ताई, तुम्ही सांगून बघा. माझं काय ती ऐकत न्हाई." त्या दिवशी आवाज असा होता की मला वाद घालवला नाही.

मी गेले. वहिनी तोंडाच्या एका बाजूनं हसल्या. "ताई, आमच्या मालकानंच पाटी लावली म्हन्तेत, चाकाला मनाई हाय. मंग माझी गाडी बी बाहेरच बरी."

मीही हसले. मग त्या हसायच्या थांबल्या. "पोरी चाकावर आल्या तर गंमत होती. मी आले तर समदे बाजूला सरकतील, च्यक् च्यक् करतील. साडी दाखवाया बसले तर साडी न्हाई बघनार कुनी, मला बघत्याल. त्ये नको मला."

माझा स्वभाव फटकळ. परत येऊन मी भाऊंना सगळं जसंच्या तसं सांगितलं, वर म्हटलं, "तुमच्या पाटीनं वहिनींनाच बाहेर ठेवलं बघा." मी 'बराबर हाय'ची वाट बघत होते. भाऊ साडीची घडी घालत होते, ती तशीच हातात राहिली. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी पाटी गायब. भाऊंनी जिन्यावर सानिकाला गाठलं.

"पोरी, तुझ्यासारखी चाकावाली किती हायत गल्लीत?"

"का? रागावणार का?"

"रागावनार. पन दुकानात या. समदे या. आजच या."

त्या दुपारी दुकानात जे झालं ते मी शिवणयंत्र सोडून बघितलं. सगळी चाकावाली पोरं आत! सर्रर्र इकडून, सर्रर्र तिकडून. एकीनं जाता जाता शिफॉनचं टोक धरलं आणि साडी तिच्यामागे दारापर्यंत उलगडत गेली. किसननं दोन्ही बगलांत दोन पुतळ्या घट्ट धरल्या होत्या. एक बस्त्याचं वऱ्हाड काउंटरला चिकटून उभं होतं. त्यातल्या नवऱ्या मुलीचे मामा ओरडले, "मालक, दुकान हाय का जत्रा?"

"जत्राच हाय!" भाऊ म्हणाले आणि तडक घरी निघाले.

घरी जाऊन त्यांनी वहिनींना 'येती का' असं विचारलंच नाही. धापा टाकत म्हणाले, "कौसल्या, पोरांनी साड्यांचा पार चिवडा केला! जल्दी चल!" साड्यांचं नाव काढल्यावर वहिनींना राहवेना. "अन् तुम्ही काय बघत बसल्ते का?" म्हणत त्यांनी पदर खोचला.

गठ्ठ्यांची ढकलगाडी चढवायच्या फळीवरून भाऊ खुर्ची ढकलत काचेच्या दारातून आत आले. मी लोकांच्या तोंडांकडे बघत होते. पण कुणी बाजूला सरकलं नाही आणि कुणी च्यक् च्यक् केलं नाही, कारण कुणाला सवडच नव्हती. जो तो आपापली नडगी सांभाळत होता. सानिका सर्रर्र आली, खुर्चीचा हात धरून थांबली, तशी खुर्ची जरा मागे सरकली. ती डोळे मोठे करून म्हणाली, "आजी, तुमची गाडी उलटीपण चालते? भारीच की! मी ढकलू?"

भाऊ खुर्चीची मूठ सोडेनात.

"सोडा हो," वहिनी म्हणाल्या. "पोरगी नेती मला."

सानिकानं त्यांना मोकळ्या काउंटरपाशी नेलं. वहिनींनी एकदा फळ्यांवरून नजर फिरवली आणि आवाज चढला. "किसन, काठपदरात ही सिल्क कुनी घुसडली? अन् हिरव्याखाली जांभळं ठिवल्यावर गिऱ्हाइकाला काय दिसनार, डोंबल? अहो, तुमचं ध्यान कुठं असतं?" वऱ्हाडातल्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसत पुढे सरकल्या. वहिनींनी उजव्या हातानं एक साडी झटक्यात उलगडली आणि सगळ्या जणी साडी बघू लागल्या.

भाऊ केव्हा बाहेर आले ते मला कळलं नाही. माझ्या दुकानाच्या पायरीवर बसले होते आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होते.

"काय भाऊ," मी म्हटलं, "आल्या आल्या झाडलं की तुम्हाला!"

"आधी रोज झाडायची, ताई," ते म्हणाले. "ती घरी बसल्यापासून मला दुकानात कुनी बोललंच न्हाई. समदे आपले मालक, मालकच करतेत."

आतून वहिनींची हाक आली. "अहो! कुठं जाऊन बसलात? गिऱ्हाईक खोळंबलंय इथं!"

"आलो, आलो!" भाऊ म्हणाले आणि चक्क पळत आत गेले.