दोन-दोन घासांची फेरी

फोन मी उचलायला नको होता. पण वाजणारा फोन आणि उकळणारं दूध एकदम समोर आले की मी फोन उचलतो. (दूध उतू गेलं, ते वेगळं.)

"रविवारची खाण्याची फेरी आहे ना?" पलीकडून एक बाई विचारत होत्या. "आम्ही सहा जण आहोत. अठरा वर्षांचा अनुभव असलेले ते गाईड तुम्हीच ना?"

'नाही' म्हणायला दोनच अक्षरं लागतात. मी तीन वापरली. म्हणालो, "हो, मीच." (कष्टाला मी कधी मागे हटत नाही.)

खरं तर ते गाईड म्हणजे माझा दादा. जुन्या शहराच्या गल्ल्यांतून पाहुण्यांना फिरवायचं, जुन्या गोष्टी सांगायच्या आणि अधूनमधून खाऊ घालायचं, हे त्याचं काम. वाटेत पाच ठिकाणी थांबायचं, प्रत्येक ठिकाणी दोन-दोन घास, आणि सहावा मुक्काम आमच्या घरी, वहिनीच्या हातचं पोटभर जेवण. "पोट भरलं की माणसाचे कान बंद होतात," असं दादा म्हणायचा. म्हणून शेवटपर्यंत तो पाहुण्यांना जरा उपाशी ठेवायचा.

दादाला जाऊन सतरा दिवस झाले होते. सकाळी चपला शोधत होता. मी अंथरुणातूनच ओरडलो, "पलंगाखाली बघ." तो वाकला तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. तेव्हापासून मी कोणालाही कुठे बघायचं ते सांगत नाही.

फोन ठेवून वळलो, तर मागे वहिनी. तिच्या हातात उतू गेलेल्या दुधाचं पातेलं.

"छोट्या, काय बोललास आत्ता?"

"फेरी मी नेणार."

"तू?"

"त्यात काय? दादाबरोबर शंभरदा गेलोय."

"खायला गेलास. ऐकायला कधी?"

हे जरा लागलं, कारण खरं होतं. सहावीत मी शाळा सोडली ती ऐकण्याच्याच कंटाळ्याने. त्यानंतर सायकल दुरुस्ती, रंगाचं दुकान, छापखाना, सगळीकडे काम केलं आणि सगळीकडून मालकाच्या आग्रहाखातर निघालो. पण गल्ल्या माझ्या पायाखालच्या होत्या. दुकानदार माझ्या ओळखीचे. अवघड ते काय?

वहिनी स्टुलावर बसली. तिच्या भावाने तिच्यासाठी दुसऱ्या शहरात शिवणकामाच्या कारखान्यात जागा बघून ठेवली होती. सोमवारपर्यंत त्याला कळवायचं होतं. हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तिला माहीत होतं. त्यामुळे आम्ही दोघंही पातेल्याकडे बघत होतो.

"बरं," ती शेवटी म्हणाली. "सहा जणांचं रांधते. सहाही जण इथे भुकेले पोचले, पानावर बसून नीट जेवले, तर फेरी चालू ठेवू. नाहीतर सोमवारी दारावरची फेरीची पाटी काढते आणि भावाला होय म्हणून कळवते."

"आणि मी?"

"तू मोठा झालास आता," ती म्हणाली. चार वर्षांचा होतो तेव्हापासून तिने मला वाढवलं. त्यामुळे हे वाक्य तिलाही फारसं पटलेलं दिसलं नाही.

रविवारी सकाळी दादाचा तपकिरी कोट घालून मी चौकातल्या कारंज्यापाशी उभा राहिलो. बाह्या बोटांपर्यंत येत होत्या, म्हणून हात सारखे वर करून बोलायचं ठरवलं. त्याने छापही पडते.

पाहुणे आले. फोनवाल्या बाई निघाल्या निवृत्त शिक्षिका. हातात वही, कानामागे पेन्सिल. (मी आपोआप ताठ उभा राहिलो. सहावीनंतर पहिल्यांदाच.) एक दंतवैद्य आणि त्यांची बायको. आणि बाईंच्या तीन मैत्रिणी, ज्या एकदमच बोलायच्या किंवा एकदमच गप्प बसायच्या.

"अनुभव अठरा वर्षांचा?" बाईंनी मला वरपासून खालपर्यंत तपासलं.

"लवकर लागलो कामाला."

"ही विहीर कोणी बांधली?" पहिल्याच वळणावर प्रश्न.

"राजाने. राणीचं डोकं दुखायचं, तिला सारखा चहा लागायचा. म्हणून ही खास चहाच्या पाण्याची विहीर." बाईंनी लिहून घेतलं. मला जोर चढला. पुढची कमान मी हत्तीच्या उंचीवरून मापून बांधली आणि तिच्यापुढची भिंत हजार वर्षं जुनी केली. गाईडचं काम इतकं सोपं असताना दादा रात्र-रात्र पुस्तकं का वाचायचा, कळेना.

पहिला मुक्काम पाववाले काका. त्यांनी भट्टीतून मान वर काढली, कोट पाहिला, आणि हातातला ट्रे खाली ठेवायचं विसरून मला मिठीच मारली. ट्रे माझ्या पाठीला. गरम.

"पोरा! त्याचाच कोट!"

"काका, भाजतंय."

"आतून सगळंच भाजतंय रे!"

"दोन-दोन घास द्या काका, पाहुणे आहेत."

"दोन घास? आज?" काकांनी बाहीने डोळे पुसले. "तो असा न खाता गेला! आज माझ्या भट्टीवरून कोणी अर्ध्या पोटी जाणार नाही." आणि प्रत्येकापुढे अख्खा पाव, वर बोटभर जाड लोणी. काका कमरेवर हात ठेवून उभे. खाल्ल्याशिवाय सोडायला तयार नाहीत.

बाहेर आल्यावर बाईंनी हळूच विचारलं, "कोण गेलं हो?"

"आमच्या ओळखीचे एक होते."

"जवळचे?"

"तसे जवळच. पलीकडच्या पलंगावर झोपायचे."

मी घाईने पुढच्या कमानीकडे बोट दाखवलं. तिलाही दोन-तीनशे वर्षं वाढवून दिली.

दुसरा मुक्काम मासे तळणारी मावशी. तिने झाऱ्यानेच मला बोलावलं. "एकवीस दिवस! एकवीस दिवस तोंड दाखवलं नाहीस, मेल्या! मी काय परकी?" मग तिचा आवाज फुटला आणि मासा तेलात पडला. आमच्या गल्लीतल्या लोकांना सांत्वनाचे शब्द येत नाहीत. ते ताट भरतात. मावशीने प्रत्येकाला अख्खा मासा वाढला, आणि दंतवैद्यांना दोन, कारण ते दिसायला दादासारखे आहेत म्हणे. (दादा सडपातळ होता. दंतवैद्य गोदामासारखे. दुःखात नजर अंधुक होते.)

"नको म्हणू का?" दंतवैद्यांनी बायकोला विचारलं.

"गेलेल्या माणसाच्या नावाचं आहे, अहो. खा गुपचूप."

तिसऱ्या ठिकाणी मात्र मी स्वतः माती खाल्ली. तिथे रस्सेवाले आजोबा असतात. डोळे अधू, पाय थकलेले, दुकानाबाहेर कधी पडत नाहीत. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी कोटाची बाही चाचपली आणि हसून म्हणाले, "आलास? नाही, हा तर छोट्या. दादा कुठाय?"

सरळ सांगायचं होतं. तोंड उघडलंसुद्धा.

"मागून येतोय," मी म्हणालो.

"मग बसा. तो आला की एकदमच निघा." आजोबांनी सहा वाडगे भरले, मग सातवा मला, मग आठवा भरून माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवला. आम्ही खात बसलो. वाडगे संपले. आजोबांनी पुन्हा भरले. "येईल, येईल. वाटेत कोणाशी तरी बोलत उभा असेल. खा तोवर."

तीन वाडगे झाले. दंतवैद्यांनी पट्ट्याचं एक भोक सोडलं. शेजारचा वाडगा निवत चालला होता. आजोबांना वाईट वाटू नये म्हणून मी तोही संपवला. रस्सा तिखट होता. निदान नाक ओढायला निमित्त मिळालं. बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी वही मिटलेली होती.

"तो परस्पर पुढे गेला वाटतं, आजोबा," मी शेवटी म्हणालो.

"गेला होय," आजोबा म्हणाले. आणि जरा वेळाने, "बरं."

बाहेर येऊन पाहुण्यांकडे पाहिलं. सहाही जण भिंतीला टेकून उभे होते. बारा वाजलेले. एक वाजता घरी पानं मांडलेली असणार, आणि यांच्या पोटात चहासुद्धा मावला नसता. वहिनीने पहाटेपासून रांधलं होतं. एकवीस दिवसांत पहिल्यांदा तिने मोठं पातेलं काढलं होतं.

मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे झटकन निर्णय घेतला. उरलेली दोन दुकानं रद्द! यांना चालवायचं, घाम काढायचा, भूक आणायची. समोर जुना मनोरा होता. दोनशे चाळीस पायऱ्या.

"वर काय आहे?" दंतवैद्यांनी विचारलं.

"भूक," मी म्हणणार होतो. म्हणालो, "इतिहास."

शंभराव्या पायरीवर मैत्रिणी एकदमच गप्प झाल्या. दीडशेव्या पायरीवर दंतवैद्य बसले. "मला इथेच ठेवा. उतरताना न्या." त्यांना ढकलत कसंबसं वर आणलं. वर मनोऱ्याचा राखणदार मिठाईचा भलाथोरला डबा उघडून बसला होता. वरूनच आम्हाला येताना पाहिलं होतं त्याने. "तुझा दादा दर रविवारी मला एक तुकडा आणून द्यायचा," तो म्हणाला. "आज मी देणार. सगळ्यांना. नाही म्हणायचं नाही."

तेव्हा मात्र मी कठड्याला टेकून खाली बसलो. दोन्ही बाह्यांत तोंड खुपसलं. त्या लांब होत्या ते बरं झालं.

"वय काय तुझं?" बाई शेजारी येऊन बसल्या. अहो-जाहो संपलं होतं.

"बावीस."

"म्हणजे चौथ्या वर्षी गाईड झालास."

मग मी सगळं सांगून टाकलं. दादा, पलंग, फोन, वहिनी, पातेलं, शिवणकामाचा कारखाना. सांगताना मधेमधे राखणदार रडत होता आणि प्रत्येक रडण्याला एकेक तुकडा वाटत होता. कोणी नाही म्हटलं नाही.

दंतवैद्य भिंतीला धरून उठले. "चला," ते म्हणाले. "मी जेवणार."

"अहो, तुम्हाला उभं राहवत नाहीये," त्यांची बायको म्हणाली.

"बसून जेवतात."

एक वाजता आम्ही घरात शिरलो. वहिनीने मधल्या खोलीत सहा पानं मांडली होती. सगळे बसले. वाढून झालं. दंतवैद्यांनी घास उचलला, तोंडापर्यंत नेला आणि त्याच्याकडे जुन्या शत्रूकडे बघावं तसे बघत राहिले. मैत्रिणी भात या कडेवरून त्या कडेला सरकवत होत्या.

"किती खाऊन आलेत हे?" वहिनीने मला विचारलं.

"दोन-दोन घास."

दंतवैद्यांनी ढेकर दिली. खिडकीची काच वाजली.

वहिनी हातातला डाव टेबलावर ठेवून दाराकडे निघाली. पाटी दाराबाहेरच होती. तेवढ्यात बाईंनी घाईघाईने वही उघडली. काहीतरी बोलायचं म्हणून त्या म्हणाल्या, "पण माहिती फार छान दिली हो यांनी. ती राणीच्या चहाची विहीर..."

वहिनी दारातच थांबली. "कसली विहीर?"

"डोकं दुखायचं ना राणीचं."

"चौकाच्या वळणावरची?" वहिनी वळली. "तो घोड्यांचा हौद आहे, बाई! माझे पणजोबा तिथे नाल ठोकायचे. काठावर त्यांनी हातोडीने पाडलेली खूण आहे अजून, पहिला पगार मिळाला त्या दिवशीची."

"आणि हजार वर्षांची भिंत?"

"ती माझ्या लग्नाच्या वर्षी पडली होती. पुन्हा बांधली. गवंड्याला पाणी मी दिलंय." ती पुन्हा डाव घेऊन उभी राहिली. "कमानीचं काय सांगितलं याने?"

"हत्ती," सगळे एकदम म्हणाले.

"देवा!" वहिनी म्हणाली आणि सुरू झाली. वहिनी याच गल्लीत जन्मली, याच गल्लीत तिचं लग्न झालं. रात्री दादा पुस्तकं वाचायचा आणि ती स्वयंपाकघरातून त्यातल्या चुका सांगायची, हे मी रोज ऐकलं होतं. (म्हणजे, कानावर पडलं होतं.) कमानीतून एका नवरीची पालखी कशी अडकली, भट्टीवाल्या दोन भावांनी एकाच चुलीवरून तीस वर्षं भांडण कसं चालवलं, मनोऱ्याचं घड्याळ मुद्दाम दहा मिनिटं मागे का ठेवतात. दोन तास ती डाव हलवत बोलत होती. मधे एका गोष्टीत दादा आला. ती थांबली, पाणी प्यायली, आणि गोष्ट पुढे नेली.

साडेतीनला दंतवैद्यांचा हात आपोआप पानाकडे गेला. एक घास. दुसरा. "जरा गरम करून मिळेल का?" त्यांनी विचारलं. मग मैत्रिणी एकदमच म्हणाल्या, "आम्हालाही." सहाही पानं चाटूनपुसून स्वच्छ झाली.

सोमवारी वहिनीने भावाला कळवलं की कारखान्यातली जागा दुसऱ्या कोणाला तरी द्या. मग आम्ही दोघं रस्सेवाल्या आजोबांकडे गेलो. जे सांगायचं होतं ते तिने सांगितलं. मी नुसता त्यांचा हात धरून बसलो.

आता दर रविवारी फेरी निघते. प्रत्येक ठिकाणी कडक दोन-दोन घास. वहिनी दुकानदारांकडे नुसती बघते आणि ते ताट अर्धं करतात. फेरी खूप चालते. मी अर्थातच सोबत असतो. माझ्याशिवाय हे जमलंच नसतं, हे मी पाहुण्यांना अधूनमधून सांगतो. गेल्या आठवड्यात एका पाहुण्याने लेखी अभिप्राय पाठवला. वहिनीने तो मोठ्याने वाचून दाखवला:

"फेरी अप्रतिम. बाई अत्यंत जाणकार. पिशव्या उचलणारा मुलगाही कामसू आहे, फक्त त्याला कोणी इतिहास विचारू नये."