भेग असल्याचे दिसून येते

स्पष्ट बोलणारा माणूस एकदाच अडचणीत येतो आणि तिथंच राहतो. मोघम बोलणारा मात्र सन्मानाने निवृत्त होतो. आमच्या कार्यालयात मी बावीस वर्षं पत्रांचे मसुदे करतो आहे. 'शक्यता नाकारता येत नाही' या चार शब्दांनी जितकी माणसं वाचली, तितकी हेल्मेटनेही वाचली नसतील, असं माझं नम्र मत आहे. (मत नाकारता येतं.)

कोयनानगरच्या वरच्या वळणावर मनुबाई एकट्या राहतात. वय अडुसष्ट. तीस वर्षं त्यांनी धरणावरच्या कामगारांची खाणावळ चालवली, त्यामुळे त्यांना प्रश्नाला ताबडतोब उत्तर मिळण्याची वाईट सवय लागली आहे. गेल्या मार्गशीर्षात त्यांचा अर्ज आला. "सैपाकघराच्या भितीला भेग पडली हाय. अधनंमधनं घर हालतं. मी हितं चुलीपाशी झोपती. झोपावं का न्हाई, कळवा."

प्रकरणाचं गांभीर्य ओळखून आम्ही ते एकाऐवजी तीन तज्ज्ञांकडे पाठवलं.

पहिले आमचे अभियंता राजवर्धन. हुशार मुलगा. त्याने भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवली. भेग वाढली तर काच फुटेल, हे शास्त्र. बाराव्या दिवशी काच फुटली. राजवर्धनने लिहिलं, 'काच फुटल्याचे दिसून येते. तथापि ती भेगेमुळे फुटली की अन्य कारणाने (उदा. मांजर), हे निश्चित सांगता येत नाही.' मनुबाईंकडे मांजर नाही. पण मांजर येत नसल्याचा कोणताही पुरावा अर्जदार सादर करू शकल्या नाहीत. दुसरी काच लावली. ती नवव्या दिवशी फुटली. दोन नमुन्यांवरून निष्कर्ष काढणं शास्त्राला धरून नाही, म्हणून तिसरी काच मागवली. ती घाटात, गाडीतच फुटली. तिने प्रकरण आणखी गुंतागुंतीचं केलं.

दुसरे भूकंपाचं यंत्र सांभाळणारे जयराज. घर हललं म्हणून सांगितलेल्या वेळांपैकी काही वेळांना कागदावर हालचाल उमटलेली होती. पण ती जमिनीची होती की रस्त्यावरून जाणाऱ्या डंपरची, हे अर्जदाराच्या प्रकृतीचा विचार करूनच ठरवावं, असं त्यांनी कळवलं.

प्रकृती पाहिली डॉक्टर सोनियांनी. रक्तदाब थोडा जास्त निघाला. 'घर हलल्यासारखे वाटणे चक्कर येण्याशी सुसंगत आहे. घर हलण्याशीही सुसंगत आहे. भिंतीच्या अहवालाशी पडताळून पाहावे.'

राजवर्धन यंत्राच्या अहवालासाठी थांबला होता, यंत्र डॉक्टरांसाठी आणि डॉक्टर राजवर्धनसाठी. तिन्ही शास्त्रांचा इतका सुरेख समन्वय मी आयुष्यात पाहिला नव्हता.

मनुबाईंना तो दिसला नाही. त्यांनी चुलीवरच्या खिळ्याला दोरीने पळी टांगली आणि शेजारच्या नानासोंना हाक मारली.

"आवं नानासो, पळी हालती का माझं डोसकं फिरतंय?"

नानासोंनी बराच वेळ पाहिलं. "पळी हालती, वैनी. पर मला बी बीपीची गोळी चालू हाय."

साक्षीदार बाद झाला.

माघात आमची समिती स्थळपाहणीला गेली. राजवर्धन, जयराज, डॉक्टर आणि टिपणं घ्यायला मी. मनुबाईंनी सरळच विचारलं, "सायेब, मी हितं झोपू का नको?"

"झोपायला हरकत नसावी," राजवर्धन म्हणाला.

"नसावी म्हंजी?"

"म्हणजे... सध्या तरी."

मनुबाई आत गेल्या, चहा ठेवला आणि चार पाट त्याच भिंतीला लागून मांडले. "या, बसा. च्या झालाय."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. जयराजांना बाहेरचं ऊन छान वाटत होतं. डॉक्टरांना फोनची रेंज हवी होती. राजवर्धन म्हणाला, "नको मावशी, अंगणातच घेऊ." मी टिपण घेत होतो, त्यामुळे मला उभं राहणं सोयीचं होतं.

मनुबाईंनी कपबश्या अंगणात आणल्या. चौघांनाही चहा दिला. मग म्हणाल्या, "कळलं मला."

आमची जीप वळण उतरायच्या आत त्यांनी शेगडी, भांडी आणि वळकटी नानासोंच्या पडवीत हलवली. दोन महिन्यांत तीन शास्त्रांना जे जमलं नाही, ते त्यांनी एका आधणात उरकलं. हे कोणत्याही पद्धतीला धरून नव्हतं, एवढं नमूद करणं माझं कर्तव्य आहे.

नवव्या दिवशी सकाळी भिंत पडली. चूल बुजली, पाट मोडले. माणूस कुणी नव्हतं. त्या दुपारी पहिल्यांदा माझा हात मसुदा करताना थांबला. पण सवय मोठी असते. 'सदर भिंत पडल्याचे दिसून येते. ती पडण्यापूर्वी पडण्याच्या स्थितीत होती किंवा कसे, याबाबत मतभिन्नता आहे.' साहेबांनी फक्त 'पडल्याचे'च्या जागी 'पूर्वस्थितीत नसल्याचे' असं केलं.

वैशाखात मनुबाईंच्या मुलाने, अमृतने, साताऱ्याहून येऊन पत्र्याचं नवं स्वयंपाकघर उभं केलं. जेवणाचं आवतण द्यायला त्या स्वतः कार्यालयात आल्या. मी मनापासून म्हणालो, "बघतो मावशी, जमलं तर नक्की येतो."

त्या दाराबाहेर गेल्या आणि अमृतला म्हणाल्या, "एक पान कमी कर रं."

मला वाईट वाटलं. मी येणार नाही असं मी कुठं म्हणालो होतो? वाचकहो, आपण सुज्ञ आहात, आपल्याला तरी पटेल. ही हकिकत वाचून झाल्यावर कुणी विचारलंच, तर आपण 'बरं लिहिलंय तसं' असं म्हणाल. आभारी आहे. त्याचा अर्थ मी मनुबाईंना विचारून घेईन.