जर्मन व्याह्यांचा हातोडा

व्याही कसे सांभाळावेत हे कुणाला शिकायचं असेल, तर त्याने खुशाल माझ्याकडे यावं! त्यात माझे व्याही साधेसुधे नव्हेत, जर्मन! आमची समिधा तिकडे नोकरीला गेली आणि तिने लग्न ठरवलं ते थेट तिथल्या एका इंजिन ड्रायव्हरशी. त्याचे वडील उवे रूळ दुरुस्त करणारे, आई हाइके तिकीट खिडकीवर, आजोबा फाटकवाले. त्या घरात मूल जन्मलं की बहुधा रडत नाही, शिट्टी देतं.

शांती नगरातल्या आमच्या सोसायटीत मी अर्थातच ‘जर्मन रेल्वेचे मोठे साहेब’ एवढंच सांगितलं होतं. म्हणून तर सेक्रेटरी ईश्वरभाईंनी लग्नाच्या जेवणासाठी गच्ची दिली! एरवी हा गृहस्थ गच्चीवर पापड वाळत घालायलाही परवानगी मागायला लावतो.

लग्नाच्या आदल्या दिवशी समिधा म्हणाली, “पप्पा, त्यांच्यात आदल्या संध्याकाळी मुलीच्या दारात चिनी मातीची भांडी फोडतात. जितके तुकडे, तितकं सुख! मग नवरा-नवरीने मिळून झाडायचं. करू या ना? हाइके आईंची फार इच्छा आहे.”

“त्यात काय! जर्मनीत कुणी फोडली नसतील अशी फोडू!”

समिधा निर्धास्त झाली आणि जावयाला घेऊन मेंदीला गेली. आमच्याकडची जर्मन येणारी एकमेव व्यक्ती अशी घराबाहेर पडली.

मग माझ्या लक्षात आलं, आमच्या घरात सगळं स्टीलचं! चिनी मातीचे म्हणाल तर शोकेसमधले कप. आमच्या लग्नात आलेले. त्यातून आजवर माशीनेसुद्धा चहा प्यायलेला नाही.

“चंद्रा, ते कप काढ.”

“त्या कपांना हात लावलात, तर उद्या पोरीच्या आधी मीच घर सोडीन!” माझी बायको चंद्रावती कडाडली आणि तिने मेलामाइनच्या प्लेटी बाहेर काढल्या. “ह्या घ्या. पांढऱ्या हायत, चकचकीत हायत. त्यांना काय कळतंय?”

संध्याकाळी व्याही-विहीणबाई हजर झाले आणि उवेंनी पहिली प्लेट दारात दणकून आपटली. ती उडाली, कठड्याला लागली आणि टणाटण जिना उतरत खालच्या मजल्यावर गेली. दुसरीही तिच्या मागोमाग गेली. तिसरी परत उवेंच्याच नडगीवर आली. जाहिरातीत ‘पडली तरी फुटत नाही’ म्हणतात ते खोटं नसतं, हे मला त्या दिवशी कळलं!

हाइकेबाईंचे डोळे भरून आले. एकही तुकडा नाही म्हणजे पोरांच्या संसारात सुख नाही, असं त्या माउलीला खरंच वाटत होतं. मला फार वाईट वाटलं. कप मात्र मी काढले नाहीत, कारण मला चंद्रावतीचीही भीती वाटत होती.

तेवढ्यात उवेंची नजर जिन्याच्या कोपऱ्यात गेली. तिथे एक कोरा करकरीत कमोड ठेवला होता आणि शेजारी प्लंबरचा हातोडा. ईश्वरभाईंच्या घरी काम चाललं होतं आणि लिफ्ट बंद होती, म्हणून तो आमच्या मजल्यावर विसावलेला. उवेंनी कमोडकडे बोट दाखवलं, मग स्वतःकडे दाखवलं आणि काहीतरी विचारलं. मला वाटलं, बिचाऱ्यांना लागली असेल! मी हसून मान डोलावली आणि दोन्ही हातांनी ‘अवश्य, अवश्य’ केलं.

त्यांच्या गावी या मुहूर्तावर लोक जुने कमोडसुद्धा आणून फोडतात, हे समिधाने मला नंतर सांगितलं. फारच वेळेवर!

उवेंनी हातोडा उचलला. एकच घाव! अख्खी बिल्डिंग दणाणली. हाइकेबाई टाळ्या पिटायला लागल्या आणि ईश्वरभाई बनियनवर धावत खाली आले.

“अरे, मेरा कमोड!” मग त्यांनी उवेंच्या हातातल्या हातोड्याकडे पाहिलं. “कमळाकरभाई, ये साहब है? साहब लोग ऐसा हथौडा मारते हैं? गच्ची कॅन्सल!”

“ईश्वरभाई, कल शादी है! पूरा गाँव जेवायला आनेवाला है!”

“और हम लोग सुबह किधर जाएँगे? पुराना तो आज ही उखाडा!”

“हमारे यहाँ आइए ना!” मी बोलून गेलो.

ईश्वरभाईंनी क्षणभर विचार केला. “ठीक है. गच्ची तुम्हारी, बाथरूम हमारा.”

समिधा आणि जावई परतले, तेव्हा दारात सुखाचा नुसता सडा पडला होता. हसत हसत दोघांनी झाडला.

लग्नाच्या सकाळी ईश्वरभाई सहकुटुंब टॉवेल घेऊन हजर! आपल्यामुळे हे झालं म्हणून उवे फार शरमले होते. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी बाथरूमच्या दारात खुर्ची टाकली, गळ्यात शिट्टी अडकवली आणि चंद्रावतीच्या आहेरातले दोन ब्लाउजपीस हातात घेतले, एक लाल, एक हिरवा. ईश्वरभाई, हिरवा. त्यांची बायको, हिरवा. त्यांची पोरं, हिरवा. मी उठलो की लाल!

गुरुजी हाका मारत होते. माझे पाय एकमेकांत गुंतायला लागले होते.

“समिधा, सांग त्यांना! मी घरमालक आहे!”

दोघं काहीतरी बोलली. मुंडावळ्या सावरत समिधा म्हणाली, “पप्पा, ते म्हणतायत, आधी पॅसेंजर. मालगाडी बाजूला थांबते.”

मी बाजूला थांबलो.