तळघरातली ट्यूब

"खऱ्या मर्दाला आयुष्यात कुणाच्याही आधाराची गरज नसते!" असं वायरमनने बायकोला खणखणीत आवाजात ऐकवलं. ऐकवताना त्याचा एक हात भिंतीवर होता आणि दुसरा कपाटाच्या मुठीवर. कपाटाचं दार उघडलं, तसा तो सिद्धान्तासकट खाली आला.

बायको भांडली नाही. हेच त्याला खटकलं. मागे त्याने एका गिऱ्हाइकाची बेल अशी जोडून दिली होती, की बटण दाबलं की शेजाऱ्यांचा फ्रीज बंद पडायचा. तेव्हा ती दिवसभर बोलत होती. आज तिने मुकाट्याने बॅग काढली, आपले आणि लेकीचे कपडे भरले आणि बॅग दाराशी नेऊन ठेवली.

"कुठं निघालात?"

"ताईकडे. तुमचे हात थरथरतात. एक दिवस शिडीवरून पडाल, नाहीतर तारेला चिकटाल. ते बघायला आम्ही थांबणार नाही. जायचं की नाही, ते संध्याकाळी ठरेल."

संध्याकाळीच का, हे विचारायच्या आत त्याचा फोन वाजला.

"दिव्याची तक्रार आहे," पलीकडून एका म्हातारीचा गार आवाज आला. "बंद छापखान्याचं तळघर. अंधार पडायच्या सुमाराला या. एकटे या."

"बिघाड काय आहे?"

"आलात की कळेलच तुम्हाला."

वर्षानुवर्षं बंद असलेल्या इमारतीत काहीतरी कुरकुरायला हवं, असा साधा शिष्टाचार आहे. इथे काहीच कुरकुरत नव्हतं. दार बोट लावताच उघडलं. पायऱ्यांनी ब्र काढला नाही. भिंतींना नवा रंग होता. कोपऱ्यातला नळ तर थेंबभरही गळत नव्हता. न गळणारा नळ वायरमनने जन्मात पाहिला नव्हता. त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला.

तळघरात गोलाकार मांडलेल्या खुर्च्यांवर चार माणसं गप्प बसली होती. डोक्यावर एकच ट्यूब लुकलुकत होती. ती विझली की चेहरे नाहीसे व्हायचे, पेटली की परत यायचे, आणि दर वेळी मघापेक्षा जरा जास्त हसरे दिसायचे. पाचवी खुर्ची रिकामी होती. तिच्यासमोर वाफाळता चहा ठेवला होता.

"बसा," फोनवरची म्हातारी म्हणाली. "ही खुर्ची तुमचीच. बरेच दिवस राखून ठेवलीय."

"मी फक्त ट्यूब बघायला आलोय, बाई."

एका किडकिडीत माणसाने सुस्कारा सोडला. "मीपण फक्त नळच बघायला आलो होतो, भाऊ."

"मी दार," त्याच्या शेजारचा दाढीवाला म्हणाला.

"मी भिंतीची ओल," तिसरा म्हणाला. त्याच्या नखांत रंग होता.

"मग?"

"मग काय! आहोत इथंच," तिघं एका सुरात म्हणाले.

वायरमनच्या पाचावर धारण बसली. कामावर मेलेले कारागीर पुढे असे एकत्र राहतात, हे त्याने कधी ऐकलं नव्हतं. पण पटलं मात्र लगेच. त्याने समोरच्या चहाचा घोट घेतला. साखर दीड चमचा, आलं नाही. अगदी घरच्यासारखा. कप मात्र अर्धाच भरलेला होता.

"पहिल्या दिवशी भरलेला कप कुणालाच झेपत नाही," म्हातारी त्याच्या हाताकडे बघत म्हणाली. "सांडतो."

त्याने कप ठेवला आणि बायकोला फोन लावला. "अगं, मी कुठंतरी भलत्याच ठिकाणी..."

"पोचलात ना? साखर बरोबर आहे?"

वायरमनने कपाकडे पाहिलं.

"दचकू नका," म्हातारी म्हणाली. "दारू सोडायला या म्हटलं की कुणी येत नाही. दुरुस्तीला मात्र सगळे धावत येतात. म्हणून बायका मला कळवतात, मी तक्रार नोंदवते. मी स्वतः मुख्याध्यापिका होते. मला इथे प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं होतं. भाषण लिहून आणलं होतं हो! तेसुद्धा दोन पेग लावून."

"दार उघडंच आहे," दाढीवाला सुतार म्हणाला. "ते कधी बिघडलंच नव्हतं. तरी मी रोज बिजागऱ्यांना तेल घालतो. ही रोजची प्यायची वेळ वाईट, हाताला काहीतरी लागतं."

वायरमनने दाराकडे पाहिलं. फोन अजून कानालाच होता.

"अहो," बायको हळू आवाजात म्हणाली, "बॅग दाराशी आहे. उचलू की रिकामी करू?"

ट्यूब विझली. ती पुन्हा पेटली, तेव्हा वायरमन खुर्चीत बसलेला होता.

"मी पितो," तो म्हणाला.

"ते शेजाऱ्यांच्या फ्रीजलाही ठाऊक आहे. बॅगेचं बोला."

"रिकामी कर."

पलीकडे चेन उघडल्याचा आवाज आला. किडकिडीत प्लंबरने डोळे पुसले. मुख्याध्यापिका बाई दोन शब्द बोलायला उठल्या, तेवढ्यात ट्यूब पुन्हा विझली.

"म्हणजे हा बिघाड तरी खरा आहे?" अंधारातून वायरमनने विचारलं.

"तेवढाच खरा," बाई म्हणाल्या. "आजवर वायरमन कुणी आलाच नव्हता ना!"

त्याने बटण बंद केलं, खिशातून टॉर्च आणि नवा स्टार्टर काढला, स्टूल ओढलं आणि ऐटीत त्यावर चढला. मग स्टूल खडखड डुगडुगायला लागलं.

"ओ प्लंबर," शेवटी एक बारीक आवाज आला, "जरा स्टूल धरता का?"