मेलेल्यांची येवस्था

सिनेमात मेलेली माणसं उठून चालायला लागली की आख्खं गाव पाय वर घेऊन बसायचं. आमचे अंबादासतात्या तेवढे मेलेल्यांच्या अडचणी सांगायचे.

"पायाचे अंगठे कुणी सोडले?" हा त्यांचा पहिला सवाल.

आपल्याकडं माणूस गेला की त्याच्या दोन्ही पायांचे अंगठे एकत्र बांधतात. तात्यांचं म्हणणं, अशा बांधलेल्या पायांनी मढं उठलंच तर पहिल्या पावलाला तोंडावर पडंल. "आन हे बघा कसं चालतंय. बरं, नाकात कापूस. मग ह्यास्नी माणसाचा वास येतो कुठनं? कापूस काढायची येवस्था काय?"

येवस्था हा तात्यांचा लाडका शब्द. जगात कुठलीही गोष्ट दाखवा, तिच्या मागची येवस्था त्यांना कळली पाहिजे. न कळली तर ती गोष्ट खोटी.

आमचं गाव भूम तालुक्यात, ईटच्या अलीकडं. व्हिडिओ नवा नवा आला त्या वर्षांत दूध सोसायटीच्या खोलीत दर शनिवारी दुपारी सिनेमा लागायचा. सकाळचं दूध घेऊन गेलेला टेम्पो परत येताना टीव्ही आणि मशीन घेऊन यायचा, रिकाम्या कॅनांच्या मधे, वाकळंत गुंडाळून. हा उद्योग जालिंदरचा. जालिंदर सोसायटीत दुधाचं माप घ्यायचा. खिडक्यांना पेंडीची रिकामी पोती लावून तो अंधार करायचा आणि संध्याकाळच्या धारा व्हायच्या आत सिनेमा संपवायचा. परदेशी मढ्यांचे सिनेमे त्याला लई आवडायचे. इंग्रजी गावात कुणालाच येत नव्हतं, त्यामुळं सगळ्यांना सारखंच कळायचं.

एका सिनेमात चार माणसं मढ्यांच्या भीतीनं एका मोठ्या दुकानात कोंडून बसली. सगळे श्वास रोखून बघतायत. तात्या मागनं म्हणाले, "ह्यांच्या म्हशीच्या धारा कोण काढतंय?"

"तात्या, ती शहरातली माणसं हायत," जालिंदर म्हणाला.

"मग दूध कुठनं येतंय? आन घागर एक दिसंना. इतकी माणसं कोंडलीत, परसाकडला कुठं जात्यात?"

बायकांनी तोंडाला पदर लावला. तिकडं टीव्हीवर मढ्यानं एकाचा गळा धरला होता, आणि इकडं खोली हसून लोळत होती.

दुसऱ्या एका सिनेमात जमिनीतनं हात वर आला. तात्या उभेच राहिले. "ही जमीन कुठली म्हणायची? आपल्याकडं चैतात पहार मारली तर ठिणगी उडती. आमी बाहेरनं खणताना फेस येतो, आन ह्यो आतनं नखानं उकरून निघाला?"

मी म्हणालो, "तात्या, तिकडं पाऊस पडतो."

"पडत आसंल," तात्या म्हणाले. "मग मरत्यात कशाला?"

आणि इतकी माणसं उठली तरी तलाठी कसा येत नाही, पंचनामा कसा होत नाही, रेशनकार्डातनं कमी झालेली नावं परत चढवायला भूमला हेलपाटे कोण घालणार, ह्याचीही त्यांना काळजी. मी चौथीच्या पुढं शाळा बघितली नाही, पण तात्या एवढं बोलून सुद्धा त्यांचं एक वाक्य फुकट गेलेलं मला आठवत नाही. शिकलेल्यांची मात्र लई आठवतात.

हे ज्ञान त्यांना आलं कुठनं, तर गावातल्या प्रत्येक मयतीतनं. तिरडी बांधायची तात्यांनी, गोवऱ्या रचायच्या तात्यांनी. मुसलमानांच्यात, लिंगायतांच्यात पुरायचं असलं तरी खड्ड्यात पहिल्यांदा उतरणार तात्याच. लग्नात त्यांना मागल्या रांगेत बसवायचे, पण मयत झाली की त्यांच्याबिगर पान हलत नव्हतं. त्यांची एक खोड वाईट होती. आजाऱ्याला भेटायला गेले की पायथ्याशी उभे राहून त्याला नखापासून डोक्यापर्यंत नजरेनं मापायचे. आमचा चुलता निमोनियात पडला होता. तात्या बघून गेले आणि तो उठून बसला. "तिरडीला कळक तोडायला गेला आसंल त्यो," म्हणाला, "त्याला म्हणावं राहू दे."

पण शेवटी जालिंदरचं डोकं फिरलं. "लोक भ्यायला येत्यात," तो म्हणाला, "आन हसून जात्यात. मढ्याच्या सिनेमाची पार तमाशाची बारी करून टाकली तुमी. तात्या, पुढच्या खेपंपासनं यायचं न्हाय."

तात्या पुढच्या शनिवारी सोसायटीच्या बाहेर कट्ट्यावर बसले. पोत्यातनं येणाऱ्या आरोळ्या ऐकत. सिनेमा सुटल्यावर एकेकाला अडवून विचारत होते, "काय झालं रं आत?" कुणाला थांबायला वेळ नव्हता. घरात एकटा माणूस. आठवडाभर शेळीशी बोलायचं आणि शनिवारी माणसांशी, एवढाच त्यांचा संसार. तो शनिवार गेला तर त्यांचं काय राहणार होतं ते मला दिसत होतं.

मी जालिंदरला सांगितलं, "तात्या बसतील, आन एक शबूद बोलणार न्हाईत. बोलले तर म्या बी ह्या खोलीत पाय ठेवणार न्हाय."

माझा शब्द म्हणजे शब्द, हे पंचक्रोशीला माहीत आहे. जालिंदरनं मान हलवली. तात्यांना मी दम भरला, "माझी अब्रू तुमच्या जिभंवर हाय."

"कुलूप," तात्या म्हणाले आणि माझ्या शेजारी बसले.

त्या दिवशीच्या सिनेमात रानातलं एक घर होतं. नवरा बायको दोघंच. बायको मरते. नवरा तिला रानातच पुरतो. तात्यांचे ओठ हलत होते. दोनदा त्यांनी माझ्या मांडीला चिमटा काढला, पण आवाज नाही. गंमत अशी की लोकच बेचैन झाले. मढं दिसलं की माना मागं वळायच्या, तात्या काय म्हणतात बघायला. तात्या गप्प. सिनेमा अळणी झाला होता.

मग ती बायको उठली. चिखलानं भरलेली, केस सुटलेले, चालत चालत घरापाशी आली आणि उंबऱ्याशी उभी राहिली. आत यायची धडपड नाही, काही नाही. नुसती उभी. नवऱ्यानं भिंतीवरची बंदूक काढली.

तात्या उठले.

"आरं, पाणी दे तिला," ते म्हणाले. "लांबनं आलीया. आधी पाणी दे, मग काय करायचं ते कर."

बार झाला. बाई पडली. कुणी हसलं नाही. तात्या माणसांतनं वाट काढत बाहेर गेले.

बहात्तरच्या दुष्काळात मी आणि तात्या परांड्याच्या पलीकडं खडी फोडायला होतो. तात्यांची बायको, आमच्या पारूवहिनी, घरी राहिल्या, गाय सोडून येता येईना म्हणून. त्यांना हगवण लागली आणि एका दिवसात गेल्या. निरोप पोचून आम्ही येईस्तोवर सगळं उरकलं होतं. तात्या रडले नाहीत. गल्लीत दारोदार जाऊन एकच विचारत होते, "जाताना तोंडात पाणी कुणी घातलं?" पहिल्या घरानं शेजारणीचं नाव सांगितलं, शेजारणीनं तिच्या पलीकडच्या घरचं. असं करत तात्या सगळी गल्ली फिरून परत पहिल्याच दारात आले. तिथं जरा वेळ उभे राहिले आणि घरी गेले. परत कधी कुणाला विचारलं नाही. तेव्हापासनं गावात कुणाचा शेवट जवळ आला की सगळ्यांच्या आधी तात्या हजर, हातात तांब्या.

आता माझा शब्द. तात्या बोलले होते, तेव्हा पुढच्या शनिवारी मी गेलो नाही. तात्यांच्याच ओट्यावर बसलो. दोघं शेळीकडं बघत होतो. तेवढ्यात जालिंदर आला.

"चला दोघं बी. लोक खोळंबल्यात."

"म्या शबूद दिलाय," मी म्हणालो.

"कशाचा? तात्या बोलले कुठं? त्यांनी पाणी द्या म्हणलं. पाण्याचं म्हणणं बोलण्यात धरत्यात व्हय?"

ह्यावर मी विचार केला. धरत नाहीत. दुष्काळी गावात तर नाहीतच. मी उठलो, तात्यांनाही उठवलं.

जालिंदरनं तीच कॅसेट लावली. पुढं बसलेले दोघं म्हणाले, हा तर बघितलाय. त्यानं डोळे वटारले. घर आलं, मरण आलं, पुरणं झालं. तात्यांनी चिमटा काढला नाही. बाई उठली, चालत आली, उंबऱ्याशी उभी राहिली. नवरा भिंतीकडं वळला आणि चित्र तिथंच थांबलं.

जालिंदरनं मशीनला दोन थापा मारल्यासारखं केलं. "कॅसेट अडकली," तो म्हणाला. "चला, धारांची येळ झाली."

अजून ऊन चांगलं होतं. पण कुणी कुरकुरलं नाही. बायका उठल्या, गडी उठले, बाहेर कॅन वाजायला लागले. टीव्हीवर ती बाई जरा थरथरत दारात उभी होती, मधनं पांढऱ्या रेघा जात होत्या.

"चला तात्या," मी म्हणालो.

"तू हो म्होरं," तात्या म्हणाले. "ती उभी हाय अजून."