गाडीले बोलू दे

शालिकभाऊ गाडीच्या मालकाला बोलू देत नसत. तुम्ही गाडी थांबवून उतरलात आणि "त्याचं काय झालं, कालपासून" इतकं म्हणालात, की त्यांचा काळा तेलकट पंजा वर व्हायचा. "तू सांगू नको. गाडीले बोलू दे." मग लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ स्वतःच्या कानाला लावून ते डोळे मिटायचे. मालकानं तोवर कडुनिंबाखाली मांडलेल्या मेटॅडोरच्या जुन्या सीटवर बसायचं. "पेशंटच्या नातेवाइकानं बाहेर थांबाव."

ही भाषा त्यांनी भिंतीपलीकडून उचललेली. रामदासपेठेतल्या एका मोठ्या दवाखान्याच्या मागच्या भिंतीला लागून, फुटपाथवर, त्यांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे एक पत्रा, एक पेटी आणि शालिकभाऊ. त्यांच्याकडे गाडी ॲडमिट व्हायची, गाडीला डिस्चार्ज मिळायचा, आणि हात आत असताना फोन वाजला तर ते ओरडायचे, "डॉक्टर ओटीत आहे!" एकदा दवाखान्यातले खरेखुरे डॉक्टर आपली गाडी घेऊन आले आणि सवयीनं लक्षणं सांगू लागले. शालिकभाऊ म्हणाले, "साहेब, तुमचा पेशंट स्वतःच बिमारी सांगते, स्वतःच गोळी सांगते, तवा तुमाले कसं वाटते?" डॉक्टर गुपचूप सीटवर जाऊन बसले.

माझी त्यांची ओळख पॉवर स्टिअरिंगमुळे झाली. मी पत्रकं लिहिते. आमची संघटना पत्रकाखाली दहा नावांची आणि कामाला तिघांची. संघटनेकडे एक जुना पिकअप आहे, कुणीतरी देणगी दिलेला, म्हणजे कुणालाच नको असलेला. त्यावर भोंगे बांधून मी शहरभर फिरते. पिकअपचं स्टिअरिंग जड झालं होतं आणि वळणावर रेडा हंबरावा तसा आवाज यायचा. चौकात माझ्या घोषणेपेक्षा तो आवाज मोठा. दोन ठिकाणी दाखवलं, दोघंही म्हणाले, पंप बदला.

इथे एक गोष्ट सांगून टाकते. माझा डावा खांदा लहानपणी मोडला आणि नीट बसला नाही. डावा हात स्टिअरिंगवर असतो तो नुसता हजेरी लावायला. हे मी कुणाला सांगत नाही. सांगितलं की लोक हातातला माइक काढून घेतात आणि बसायला खुर्ची देतात. मला दोन्हीचा राग येतो.

शालिकभाऊंनी मला गाडी लावताना पाहिलं. मी उतरून पंपाबद्दल भाषण सुरू केलं, पंजा वर झाला. त्यांनी आधी पुढच्या चाकांवर अंगठा दाबला. "पहिले हवा. आदमीचं असो का गाडीचं, पहिले हवा पाहाव." हवा ठीक होती. मग पंप फिरवणारा पट्टा दाबला, तोही ठीक. मग तेलाच्या छोट्या टाकीचं झाकण उघडून मला बोलावलं. "पाह्य वं, काय दिसते?"

"तेल."

"तेलावर काय आहे?"

"फेस."

"चहावर फेस चालते, इथं नाही. टाकीपासून पंपापर्यंतचा पाइप कडक झाला, क्लिप ढिल्ली झाली. तेल गळत नाही, पण हवा आत खेचून राहिली. पंप बिचारा तेलाच्या जागी हवा पिऊन राहिला, म्हणून बोंबलते. त्याले काहून बदलतेस? तुले जेवणात माती दिली तर तूही बोंबलशील."

"मी तशीही बोंबलते, काका."

"ते दिसून राहिलं," ते भोंग्यांकडे पाहत म्हणाले. त्या दिवसापासून मी त्यांची ‘लीडर’ झाले.

पाइप बदलला. मग पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलली आणि मला आत बसवलं. इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचं, म्हणजे अडकलेली हवा टाकीतून बुडबुडे होऊन निघते. मी फिरवत होते, ते टाकीत बघत होते. निदान मला तसं वाटलं. "सावकाश वं, हे काही सरकार नाही, एका झटक्यात पाडाले."

शेवटी चाकं खाली घेऊन, इंजिन चालू करून त्यांची परीक्षा झाली. करंगळी स्टिअरिंगच्या आतल्या कडेला लावायची आणि उभ्या गाडीचं चाक वळवायचं. करंगळीनं वळलं तरच डिस्चार्ज. वळलं. पण त्यांचं समाधान झालं नाही. "गाडी बरी झाली," ते म्हणाले, "पण चालवणाऱ्याचं अजून पाहा लागन." मला वाटलं, माझ्या जिभेबद्दल बोलताहेत.

पुढे मी कामाशिवायही जाऊ लागले. उरलेली पत्रकं त्यांना द्यायची, ते त्यात नट-बोल्ट बांधून गिऱ्हाइकांना द्यायचे. आधी वाचायचे मात्र नक्की. शेरा ठरलेला असायचा: "पहिले दोन पॅरे नुसतं इंजिन गरम करणं आहे. गिअर कुठं टाकला?" माझ्या पत्रकांचं इतकं खरं परीक्षण आजवर कुणी केलेलं नाही.

मग फुटपाथचं आंदोलन आलं. मागणी खरी होती आणि आजही मी ती मागे घेणार नाही. शहरात पायी चालणाऱ्याला जागा नाही. दवाखान्याच्या आसपास तर म्हातारी माणसं सलाइनचा हात सांभाळत गाड्यांमधून वाट काढतात. मी पत्रक लिहिलं. खाली अडथळ्यांची यादी हवी होती, ती मी एका बैठकीत बसून तयार केली. भराभर: अमुक टपरी, तमुक शेड. नवव्या क्रमांकावर मी लिहिलं, ‘रामदासपेठ, रुग्णालयाची मागची भिंत, अनधिकृत गॅरेज.’

शपथेवर सांगते, लिहिताना मला शालिकभाऊ दिसले नाहीत. ‘अनधिकृत गॅरेज’ हे माझ्या डोक्यात एक प्रकारचं माणूस होतं, गलेलठ्ठ, पोचलेलं, कुणाच्या तरी आशीर्वादानं बसलेलं. शालिकभाऊ वेगळे. शालिकभाऊ म्हणजे शालिकभाऊ. चार वर्षं ज्या सीटवर बसले, ती फुटपाथवर आहे हे मला कधी दिसलंच नाही. पत्रकाची ही शिकवण आहे: नावं गाळायची, प्रकार ठेवायचे. प्रकाराविरुद्ध लिहायला सोपं जातं.

फेरीच्या दिवशी सकाळी पिकअप पुन्हा हंबरला. क्लिप सैल झाली होती. मी तशीच गाडी घेऊन त्यांच्याकडे गेले.

"आज कायची फेरी?"

"फुटपाथ मोकळे करा."

त्यांनी पत्रक घेतलं. नेहमीसारखं वाचलं, शेवटपर्यंत. मी घड्याळ पाहत होते. यावेळी शेरा आला नाही. पत्रकाची घडी करून त्यांनी खिशात ठेवली आणि गाडीखाली गेले. क्लिप घट्ट केली, हवा काढली, करंगळी लावली.

"थांब वं, लीडर, अजून एक काम आहे."

"उशीर होतोय काका, नंतर!"

"बरं. सीताबर्डीकडून जाशील तर चौकात सावकाश घे."

आणि मी त्यांनीच हलक्या करून दिलेल्या स्टिअरिंगवर, त्यांच्याच गल्लीतून, भोंगा पूर्ण सोडून गेले.

काही दिवसांनी महापालिकेचं अतिक्रमण हटवणारं पथक आलं. मी बाहेरगावी होते. परत येऊन पाहिलं तर पत्रा नाही, पेटी नाही, मेटॅडोरची सीट नाही. कडुनिंबाच्या बुंध्याला तेलकट बोटांचे ठसे तेवढे. शेजारचा चहावाला म्हणाला, "स्वतःच पत्रा उतरवून दिला. पोरीकडे बेसाले गेले." त्या जागेवर आता चकचकीत चारचाकी उभ्या असतात. पायी चालणारा पूर्वी शालिकभाऊंना वळसा घालून जायचा, आता सरळ रस्त्यावरून जातो. याविरुद्ध मी पत्रक सुरू केलं. दोन पॅरे झाले. पुढे गिअर पडेना.

तीन महिने मी शहराच्या टोकाला, बेसाला, त्यांच्या मुलीकडे गेले नाही. कारण द्यायला आवडेल, पण नाही. या काळात स्टिअरिंग जड होत गेलं, खांदा रात्रंदिवस ठणकू लागला, आणि मी ते शिक्षा म्हणून चालवत राहिले. शेवटी एका दुपारी गेले.

नवी कोरी इमारत, खाली फरशीचं पार्किंग. मी गाडी वळवून लावते न लावते, तोच शालिकभाऊ जिन्यातून उतरताना दिसले. स्वच्छ पांढरा सदरा, नखंसुद्धा पांढरी. ते ओळखू येईनात.

"वरून ऐकलं. पुढची चाकं फरशीवर घासून राहिली. पहिले हवा वं! विसरलीस?"

एवढंच होतं. दोन्ही पुढच्या चाकांत हवा कमी. जावयाच्या गाडीतला पायपंप आणून ते हवा भरू लागले. भरता भरता बोलत होते, बरेच दिवस ऐकणारं कुणी न भेटल्यासारखे. "गॅलरीत बसतो. खाली गाड्या येतात, सगळ्याइचं ऐकू येते. तीनशे दोनवाल्याचा पट्टा ओरडून राहिला. एकशे चारच्या बाईचा पंप उन्हाळा नाही काढणार. पण सांगाव कोणाले? लोक म्हणतात, कंपनीत दाखवू."

मग त्यांनी खिशातून एक पुडी काढली. माझंच पत्रक, फुटपाथचं, घड्यांवर काळं पडलेलं. आत एका जुन्या ट्रकच्या गिअरच्या दांड्यावरचा काळा गोळा, त्याखाली पकडीसाठी वाकवलेली लोखंडी पट्टी. तो त्यांनी स्टिअरिंगच्या कडेला बसवला. "हे उजव्या मुठीत धराव आन् एका हातानं पूर्ण गरकन फिरवाव. दुसऱ्या हाताले काम नाही. त्याच दिवशी लावाचा होता. तू घाईत होतीस."

मी खांद्याबद्दल त्यांना कधीच सांगितलं नव्हतं.

"काका," मी म्हटलं, "त्या पत्रकात नवव्या नंबरला..."

पंजा वर झाला. "तू सांगू नको."

मी सांगितलं नाही. गोळा धरून गाडी एका हातानं वळवली, ती पाण्यातून फिरावी तशी फिरली. फाटकाशी थांबून मागे पाहिलं. शालिकभाऊ अजून वर गेले नव्हते. पार्किंगमधल्या एका गाडीशी उकिडवे बसून त्यांनी पुढच्या चाकावर अंगठा दाबला होता.

"ओ बाबाजी," वॉचमन खुर्चीतूनच ओरडला, "कितीदा सांगाव? दुसऱ्याच्या गाडीले हात नका लावू."

शालिकभाऊंनी हात मागे घेतला आणि सदऱ्याला पुसला. पुसण्यासारखं हाताला काहीच नव्हतं.