सिरसाटबाबूंची मंजूर जेट्टी

मनकर्णाबाईंनी फक्त एक फळी मागितली होती. तीही नवी नाही, घरात कुठं पडली असेल तर. त्यावरून पुढं जे काही झालं त्यात त्या बाईचा काडीइतकाही दोष नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

बाळापूरच्या कडेला, नदीला पाठ लावून जे लेआउट पडलं, त्यातलं शेवटचं घर धर्मपाल सिरसाट यांचं. बंधारे उपविभाग क्रमांक नऊमधून वरिष्ठ लिपिक म्हणून रिटायर झालेला माणूस. गाव त्यांना सिरसाटबाबू म्हणतं. घराच्या मागं नदी, आणि नदीच्या पल्याड, हाक मारली तर ऐकू येईल इतक्यावर, त्यांचं अर्ध्या एकराचं वावर. सातबाऱ्यावर नाव बाबूंचं. बाकी वांगी, मेथी, सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या, सगळं मनकर्णाबाईंच्या हातचं. पण तिथं जायला गावाखालच्या बंधाऱ्याच्या पुलावरून दीड कोसाचा फेरा, डोक्यावर टोपलं, आणि गुडघे साठीचे. अकोल्याच्या हाडाच्या डॉक्टरनं सरळ सांगितलं होतं, "बाई, एक तर गुडघे ठेवा, नाही तर वावर ठेवा."

"वावर सुटलं त मी दिवसभर यायच्या तोंडाकडं पाहत बसू काय?" मनकर्णाबाईंनी नवऱ्याकडं बोट दाखवून डॉक्टरलाच विचारलं. डॉक्टरनं बाबूंकडं नीट पाहिलं आणि गोळ्या लिहून दिल्या.

खरं तर उपाय सोपा होता. मासे धरणारा देवराव रोज सकाळी घरामागूनच आपला डोंगा, म्हणजे लहानशी होडी, नेतो. तो म्हणाला, "वैनी, मी सोडून देत जाईन ना पल्याड." अडचण काठाच्या चिखलाची. त्यात पाय रुतला की दुखरा गुडघा बाहेर यायचं नाव घेत नसे. म्हणून चहाच्या वेळी त्या म्हणाल्या,

"अजी, मले एक फयी पायजे. चिखलावर टाकीन अन् डोंग्यात बशीन."

बाबूंनी कप खाली ठेवला. (कप खाली ठेवला की समजायचं, आता माणूस ऑफिसात गेला.)

"नदीपात्रात फळी टाकणं म्हणजे बांधकाम होते, मनकर्णा."

"अवो, फयी हाय थे! सांजच्याले उचलून घरी आनीन."

"तात्पुरतं बांधकाम. त्याले तर जास्तच नियम असतात. तू बिनघोर राह्य. बत्तीस वर्सं मी याच खात्यात काढली. तुले फळी नाही, मी जेट्टी बांधून देतो. रीतसर. मंजूर. येत्या हिवाळ्यात तू चप्पल न भिजवता डोंग्यात बसशील, हा माझा शब्द हाय."

मनकर्णाबाईंनी कप उचलून नेले. शब्द म्हटलं की त्या काळजीत पडत. घराच्या छपराचाही शब्दच दिला होता, आणि एका पावसाळ्यात त्यांनी छत्री घेऊन भाकरी केल्या होत्या.

दुसऱ्याच दिवशी बाबू इस्त्रीचा शर्ट घालून जुन्या ऑफिसात हजर. त्यांच्या खुर्चीवर आता कुलदीप नावाचा तरुण क्लार्क बसतो. बाबूंना तो गुरू मानतो.

"सर, पण खाजगी जेट्टीचा नियमच नाही आपल्याकडं," कुलदीप डोकं खाजवत म्हणाला. "आजवर कोणी मागितलीच नाही."

"नियम नाही म्हणजे बंदी नाही. बंदी नाही म्हणजे अर्ज करता येतो. आणि अर्ज आला म्हणजे तुला तो वर पाठवावाच लागतो. पाठव!"

अर्ज वर गेला. वरून आणखी वर गेला. नगरपरिषदेनं तहसिलीकडं बोट दाखवलं, तहसिलीनं अकोल्याकडं. दोन महिन्यांनी छापील फॉर्म आला. कोण्या समुद्रकाठच्या जिल्ह्यातून मागवून घेतलेला होता बाप्पा, आणि तसाच्या तसा भरून द्यायचा होता. दुसरा कोणी असता तर त्यानं कपाळावर हात मारला असता. बाबूंनी पेनमध्ये शाई भरली.

भरतीची वेळ? बाबूंनी लिहिलं, जुलै. ओहोटीची वेळ? मार्च. जहाजाची लांबी? बारा फूट. खलाशांची संख्या? एक, तोही बाजाराच्या दिवशी गैरहजर. नांगराचा प्रकार? जुनं दगडी उखळ. जवळच्या दीपगृहाचं अंतर? इथं मात्र बाबू थोडे थांबले. मग चौकातला हायमास्ट आठवला, त्याचं अंतर लिहिलं आणि कंसात 'दोन दिवे बंद' असा प्रामाणिक शेरा मारला.

एप्रिलमध्ये मंजुरी आली! बाबूंनी ती प्लास्टिकच्या कव्हरात घालून साऱ्या लेआउटला दाखवली. अटी बऱ्याच होत्या. काम नदी कोरडी असतानाच करायचं. बुडणाऱ्यासाठी हवेची ट्यूब टांगायची. मालकाच्या नावाची, निदान सहा फुटांची, लाकडी पाटी लावायची. आणि मुख्य अट म्हणजे, मागच्या दहा वर्षांच्या हिवाळ्यातल्या सरासरी पाणीपातळीच्या वर एक फूट, इतकीच जेट्टीची उंची ठेवायची. पातळी ऑफिसच्या नोंदवहीप्रमाणे धरायची.

कुलदीपनं धूळ झटकून नोंदवह्या काढल्या. दहापैकी आठ वर्षं बाबूंच्याच मोत्यासारख्या अक्षरातली. सरासरी निघाली चौदा फूट.

आता जरा जवळ या. ही गोष्ट ऑफिसात बोलायची नाही. पावसाळा सरला की गावाखालच्या बंधाऱ्याला लोखंडी दारं लावतात आणि बाबूंच्या घरामागं पाणी तुंबतं. बंधाऱ्याच्या भिंतीवर फुटांच्या खुणा रंगवल्या आहेत. त्या रोज जाऊन वाचायच्या आणि वहीत लिहायच्या, हे बाबूंचं काम. बाबू गेलेही होते. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात, एकदा. ऊन फार होतं. पुढं खुर्चीतूनच लिहिलं. चौदाच का? तर बंधाऱ्याच्या नकाशात चौदा होतं म्हणून. तेच तेच बरं दिसत नाही म्हणून कधी पावणेचौदा, कधी सव्वाचौदा, आणि एक साहेब फार बारीक पाहणारे आले तेव्हा चौदा फूट दीड इंच.

वही समोर आली तेव्हा बाबूंनी ती पटकन मिटली. पण अकरा साहेबांनी त्या पानांवर सह्या केल्या होत्या. एकालाही चूक सापडली नव्हती. मग चूक असेलच कशी? बाबूंनी मान ताठ केली आणि म्हणाले, "चौदा अधिक एक. पंधरा फूट. धर."

मे महिन्यात कुंदन मिस्त्री आला. त्यानं कोरड्या नदीत उभं राहून टेप लावला, वर पाहिलं, परत टेप लावला.

"बाबू, तुमचं आंगनच नदीच्या तळापासून तेरा फूट उंच हाय. जेट्टी पंधरा फूट केली त नदीत उतराले पहिले वर चढा लागंन."

"मंजूर नकाशा आहे, कुंदन."

मनकर्णाबाई पदर खोचून बाहेर आल्या. "अजी, पानी त्या बाभयीच्या मुयीलोक येते. त्याच्या वर मी कधीच पाह्यलं नाई. चौदा फूट पानी रायलं असतं त इतक्या वर्सांत आपला चुल्हा बुडाला नसता काय?"

"ती सरासरी हाय, मनकर्णा. सरासरी डोळ्यानं दिसत नसते."

यावर कुंदननं मनकर्णाबाईंकडं पाहिलं, मनकर्णाबाईंनी कुंदनकडं पाहिलं, आणि कुंदननं सिमेंट कालवायला घेतलं. पावसाळ्याआधी चार खांबांवर जेट्टी उभी राहिली. देखणी होती, खोटं कशाला बोला. निळा कठडा, ट्रॅक्टरची ट्यूब, आणि सहा फुटांच्या सागवानी पाटीवर जाड पांढऱ्या रंगात: 'खाजगी जेट्टी. मालक: मा. श्री. धर्मपाल सिरसाट, वरिष्ठ लिपिक (सेवानिवृत्त). परवानगीशिवाय पाय ठेवू नये.'

नोव्हेंबरात बंधाऱ्याची दारं लागली. पाणी चढू लागलं. बाबू रोज कठड्याला टेकून वाट पाहत. पाणी बाभळीच्या मुळांशी आलं आणि थांबलं. सात फूट. बाबू म्हणाले, अजून चढेल. आठवडा झाला, पंधरवडा झाला. पाणी सात फुटांवर मस्त पसरून राहिलं. पण उद्घाटनाची तारीख वाटून झाली होती, आणि सिरसाटबाबू तारीख बदलणाऱ्यातले नव्हते.

त्या सकाळी सारं लेआउट आलं. कुलदीपही आला. रिबन कापली, पेढे वाटले. मनकर्णाबाई नवं लुगडं नेसून, वांग्याच्या रोपांचं टोपलं घेऊन, गुडघा धरत दोन पायऱ्या वर चढल्या आणि जेट्टीच्या टोकाशी उभ्या राहिल्या. खाली, आठ फूट खाली, डोंग्यात बसून देवराव मान वर करून पाहत होता.

"वैनी, उडी मारता काय?" त्यानं अगदी मनापासून विचारलं.

"घाबरायचं काम नाही!" बाबू म्हणाले. "दोर आणा. पहिले सामान जाईल, मग प्रवासी."

टोपलं दोराला बांधून सोडलं. ते अर्ध्यात गेलं, तिरपं झालं आणि वांग्याची सगळी रोपं मातीसकट देवरावच्या डोक्यावर पडली. लोक हसले. बाबूंचा चेहरा लाल झाला. "गाठ चुकली. मी स्वतः उतरून दाखवतो," असं म्हणून त्यांनी सुरक्षेच्या अटीप्रमाणे ट्रॅक्टरची ट्यूब कमरेत घातली, दोर काखेखालून बांधला, कुंदन आणि कुलदीपला वर धरायला लावलं आणि कठड्यापलीकडं पाय टाकला.

चार फूट छान गेले. मग ट्यूब खांबाच्या सळईत अडकली. बाबू ना खाली जात, ना वर येत.

"सोडा!" बाबू ओरडले.

"ओढू का सोडू, सर?" कुलदीप वरून ओरडला. "नियमात काय आहे?"

"अरे, सोड म्हटलं ना!"

दोर सुटला, फुस्स करून ट्यूब फाटली आणि बाबू खाली. डोंग्यात नाही, पाण्यातही नाही. नेमके काठाच्या चिखलात, कमरेपर्यंत. हलले की आणखी रुतत. पाहुणे पेढे हातात धरून कठड्यावर ओणवे झाले. देवरावनं हात दिला तर डोंगाच कलंडू लागला.

तेव्हा वरून मनकर्णाबाईंचा खणखणीत आवाज आला, "फयी टाका, फयी! काहून पाहत राह्यले सारे?"

फळी कुठून आणणार? कुंदननं इकडंतिकडं पाहिलं आणि चार हिसक्यांत नावाची पाटी उपटली. अंगणाच्या कडेनं खाली उतरून ती चिखलावर आडवी टाकली. तिच्यावर उभं राहून त्यानं आणि कुलदीपनं बाबूंना ओढून काढलं. एक चप्पल नदीनं ठेवून घेतली.

चार दिवसांनी बाबू जेट्टी खाली घेण्याचा अर्ज घेऊन ऑफिसात गेले. कुलदीपनं अदबीनं खुर्ची दिली.

"सर, रेकॉर्डप्रमाणे पाणी जेट्टीच्या एकच फूट खाली आहे. तुम्ही म्हणता आठ. मग वही खोटी ठरते. वहीतलं अक्षर तुमचं आहे. तसं लिहून देता काय?"

बाबूंनी टेबलावरचं पाणी प्यायलं. अर्जाच्या चार घड्या घालून तो खिशात ठेवला. उठताना सहज विचारावं तसं विचारलं, "यंदा तू किती लिहिलं?"

"चौदा, सर," कुलदीप म्हणाला. "ऊन फार असतं ना."

घरी येऊन बाबूंनी बायकोला सारं सांगितलं. पहिल्यांदाच, काही न लपवता. मनकर्णाबाई मेथी निवडत होत्या. त्यांना काही नवल वाटलं नाही.

"मले ठाऊक होतं. मी रोज बंधाऱ्यावरून टोपलं घेऊन जाओ. तुमचं कामच तेथं होतं. मले वाटे, आज दिसन हा मानूस, टोपल्याले हात लावन. इतकी वर्सं गेली, तुमी एक दिस तरी दिसले काय?"

बाबूंना फार लाज वाटली. फॉर्मात भरायला जागा नसलेली लाज होती ती. त्यांनी मान खाली घातली आणि मेथीची एक जुडी पुढं ओढून निवडायला घेतली. (काड्या भाजीत आणि पानं कचऱ्यात टाकली, पण मनकर्णाबाईंनी त्या दिवशी ती मुकाट परत वेचून घेतली.)

आता रोज सकाळी टोपलं बाबूंच्या डोक्यावर असतं. जेट्टीवर मनकर्णाबाईंनी दोडक्याचा वेल चढवला आहे. मांडव म्हणून तिची उंची अगदी बरोबर निघाली. त्या मांडवाखालून दोघं नदीवर येतात. चिखलावर ती पाटी अजून तशीच आहे, अक्षरं वर करून. मनकर्णाबाई आधी 'मा. श्री.' वर पाय देतात, मग 'धर्मपाल' वर, आणि 'सिरसाट' वरून चप्पल न भिजवता डोंग्यात बसतात. बाबूंचा शब्द खरा झाला, हे कबूल करावंच लागेल.

परवा बाबूंना राहवलं नाही. "मनकर्णा, पाटी उलटी तरी टाकू. नाव खाली जाईल."

"टाकून पाह्यली म्या," मनकर्णाबाई डोंग्यातून म्हणाल्या. "त्या बाजूनं पाय घसरते. तुमच्या नावावरच जरा पकड हाय."